फुकटची सुई, महागडी सुई आणि वीस हजार रुपये

पत्र: डॉक्टर, आम्ही धाराशिव जिल्ह्यात एका तालुक्याच्या गावी राहतो. माझी मुलगी सव्वातीन महिन्यांची आहे. दीड महिन्याचे डोस उपकेंद्रात दिले. त्या रात्री तिला ताप आला, मांडी सुजली आणि ती पहाटेपर्यंत रडली. सासूबाई म्हणाल्या, आता पुढचा डोस नको. मोठ्या जावेचा मुलगा अडीच वर्षांचा आहे आणि अजून बोलत नाही. पुण्याच्या डॉक्टरांनी ऑटिझम सांगितलंय. घरात सगळे म्हणतात, दीड वर्षाच्या गोवरच्या इंजेक्शननंतरच तो गप्प झाला. मिस्टर म्हणतात, सरकारी नको, खासगीत ‘पेनलेस’ देऊ. त्याचे सगळे मिळून दहा-बारा हजार होतात. त्यात एका लॅबचा माणूस सासू-सासऱ्यांसाठी ‘फुल बॉडी चेकअप’ सांगून गेला, दोघांचे सहा हजार. सासूबाई पंचावन्नच्या, मिशरी लावतात. सासरे साठीचे, तंबाखू खातात आणि बीपीची गोळी आठवेल तेव्हा घेतात. आजारपणासाठी आम्ही वर्षाला वीस हजार बाजूला ठेवतो. ते कशावर घालू? अडीच महिन्यांचा डोस चुकलाच आहे. — एक आई

उत्तर:

चुकलेल्या डोसाचं आधी सांगतो, कारण बाकीचं वाचायला आठवडा लागला तरी चालेल. येत्या लसीकरणाच्या दिवशी मुलीला उपकेंद्रात घेऊन जा. उशीर झाला म्हणून पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही, जिथे थांबलात तिथून पुढे चालू होतं. पण आणखी लांबवू नका. डांग्या खोकला जीव घेतो तो मुख्यतः याच वयाच्या बाळांचा. मोठ्या माणसाला तो नुसता महिनाभर खोकवतो. तान्ह्या बाळाला खोकताही येत नाही, श्वासच थांबतो.

आता त्या रात्रीच्या तापाबद्दल. सरकारी पेंटाव्हॅलंट म्हणजे पाच आजारांवरच्या एकत्रित लसीत डांग्या खोकल्याचा जो भाग आहे, तो अख्खा, मारलेला जंतू असतो. शरीराला तो चांगलाच जाणवतो. जवळपास निम्म्या बाळांना ताप, सूज, चिडचिड यांपैकी काहीतरी होतं. तुमच्या मुलीला झालं ते हेच. एक-दोन दिवसांत ते आपोआप ओसरलं असणार, नाहीतर पत्रात तुम्ही पुढचंही लिहिलं असतं. खासगीतल्या ‘पेनलेस’ लसीत अख्ख्या जंतूऐवजी त्याचे वेचलेले तुकडे असतात. म्हणून ताप कमी येतो. सुई टोचताना दुखतं तेवढंच दुखतं, त्या नावावर जाऊ नका.

मग पेनलेस जास्त चांगली का? इथे अमेरिकेचा अनुभव कामाचा आहे. त्यांनी 1990 च्या दशकात अख्ख्या जंतूची लस सोडली आणि सगळ्या मुलांना तुकड्यांची लस द्यायला सुरुवात केली. ती मुलं शाळेत मोठ्या वर्गांत गेली तशी लसीची ताकद लवकर ओसरते हे दिसू लागलं. 2012 मध्ये तिथे डांग्या खोकल्याच्या 48 हजारांहून जास्त रुग्णांची नोंद झाली, 1955 नंतरची सर्वांत मोठी. म्हणजे तापाची एक रात्र वाचली, पण संरक्षणाची वर्षं कमी झाली. पेनलेस लस वाईट नाही. ज्यांनी ती दिली त्यांची मुलंही सुरक्षित आहेत, आणि काही मोजक्या आजारी बाळांना डॉक्टर मुद्दाम तीच देतात. पण धडधाकट बाळासाठी, तुमच्या बजेटमधून, निम्म्याहून जास्त पैसे घालून तुम्ही जे विकत घेणार ते म्हणजे दोन-तीन रात्रींची झोप. झोपेची किंमत मी कमी लेखत नाही. दहा हजार मात्र जास्त आहेत.

ताप आलाच तर पॅरासिटामॉल वजनानुसार द्या, मात्रा सिस्टरकडून कार्डावर लिहून घ्या. थेंबांचं औषध आणि सिरप यांत एक नंबरचा घोळ होतो. थेंबांचं औषध सिरपच्या कितीतरी पट तीव्र असतं, त्यामुळे एकाचं माप दुसऱ्याला लावू नका. आणि ताप यायच्या आधीच ‘खबरदारी म्हणून’ देऊ नका. चेक प्रजासत्ताकात 459 बाळांवर झालेला अभ्यास 2009 मध्ये प्रसिद्ध झाला. लसीबरोबर ठरवून पॅरासिटामॉल दिलेल्या बाळांमध्ये ताप कमी आला खरा, पण लसीतल्या काही घटकांविरुद्धची प्रतिपिंडं, म्हणजे रोगाशी लढणारी शरीरातली हत्यारं, तीही कमी तयार झाली. ताप आल्यावर द्या, तेवढं पुरे.

आता तुमच्या पुतण्याबद्दल. तुमच्या घरात खरी भीती तीच आहे, तापाचं निमित्त आहे.

तुमच्या जाऊबाईंनी जे पाहिलं ते खोटं नाही. मूल आधी दोन-चार शब्द बोलत होतं, इंजेक्शन झालं, मग शब्द गेले. क्रम तसाच होता. पण ऑटिझमची लक्षणं घरच्यांच्या डोळ्यांत भरतात ती साधारण वर्ष ते दोन वर्षांच्या दरम्यान. काही मुलांमध्ये आलेले शब्द याच सुमाराला मागे जातात. गोवर-रुबेलाचा दुसरा डोस 16 ते 24 महिन्यांचाच. त्यामुळे हजारो घरांत हे दोन्ही एकामागून एक येणारच, एकाचा दुसऱ्याशी काही संबंध नसला तरी. संबंध आहे का हे एका घरात बसून कळत नाही. लस घेतलेली आणि न घेतलेली खूप मुलं शेजारी-शेजारी ठेवून मोजावं लागतं.

ते मोजलं गेलंय. डेन्मार्कमध्ये प्रत्येक मुलाची लस आणि प्रत्येक निदान सरकारी नोंदवहीत असतं. 1999 ते 2010 दरम्यान जन्मलेल्या 6,57,461 मुलांच्या नोंदी तपासून 2019 मध्ये निष्कर्ष आला: गोवर-गालगुंड-रुबेलाची लस घेतलेल्या मुलांत ऑटिझमचं प्रमाण न घेतलेल्यांपेक्षा जास्त नाही. त्यात ज्यांच्या सख्ख्या भावंडाला ऑटिझम आहे अशी मुलं वेगळी काढूनही पाहिली. तिथेही लसीमुळे धोका वाढलेला दिसला नाही. तुमची मुलगी चुलत बहीण, म्हणून हा भाग तुम्हाला मुद्दाम सांगतोय. जपानने तर 1993 मध्ये ही एकत्रित लस देणंच बंद केलं होतं. योकोहामातल्या संशोधकांनी त्यानंतर जन्मलेल्या मुलांकडे पाहिलं, तर ऑटिझमची निदानं वाढतच राहिली होती. लस नव्हती, तरीही.

ही शंका जगभर पसरली ती 1998 मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात छापलेल्या एका ब्रिटिश निबंधातून. त्यात मुलं होती बारा. 2010 मध्ये नियतकालिकाने तो मागे घेतला आणि त्याच वर्षी मुख्य लेखक अँड्र्यू वेकफील्ड यांचं नाव ब्रिटनच्या वैद्यकीय नोंदणीतून काढलं गेलं. तुमच्या फॅमिली ग्रुपवर असा मेसेज फिरत असेल तर तो त्याचंच पिल्लू आहे, फक्त आता त्याला मराठी येतं.

हे सगळं जाऊबाईंना ऐकवायला जाऊ नका. आकड्यांनी त्यांचं दुःख हलकं होणार नाही, उलट ‘तू माझ्या मुलावरून मला शिकवतेस’ असं वाटेल. त्यांच्या कामाची एक गोष्ट सांगा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जिल्हा पातळीवर ‘डीईआयसी’ नावाची केंद्रं आहेत. वाचा, हालचाल, वागणं यांच्या थेरपीची सोय तिथे मोफत असते. जिल्हा रुग्णालयात चौकशी करा म्हणावं. अडीच वर्षं हे वय थेरपीसाठी फार मोलाचं आहे. ‘कशामुळे झालं’ यावर भांडण्यात त्या मुलाचे महिने जाऊ देऊ नका.

मग लसीने कधीच काही होत नाही का? होतं, आणि ते लपवणाऱ्यांमुळेच लोकांचा विश्वास उडतो. गोवरच्या लसीनंतर आठवड्या-दीड आठवड्याने ताप येऊ शकतो, आणि साधारण तीन-चार हजार डोसांमागे एखाद्या मुलाला त्या तापात आकडी येते. पाहणाऱ्याचा थरकाप उडतो. मूल सहसा पूर्ण बरं होतं आणि मेंदूला इजा होत नाही. जिवावर बेतणारी अॅलर्जी फार क्वचित. अमेरिकेत लसींच्या सुरक्षिततेवर 1990 पासून एक कायमची यंत्रणा पाळत ठेवते, मोठ्या रुग्णालय-समूहांच्या नोंदी एकत्र करून. तिने अडीच कोटींहून अधिक डोस तपासले तेव्हा अशा अॅलर्जीची 33 प्रकरणं सापडली. दहा लाख डोसांमागे साधारण 1.3. ती बहुतेक लगेच कळते, म्हणून तर सिस्टर अर्धा तास थांबायला सांगते. एसटी चुकेल म्हणून त्या अर्ध्या तासातून पळ काढू नका.

लस खरोखर सदोष निघाली तर काय होतं, याचंही उदाहरण आहे. रोटाव्हायरसच्या जुलाबावरची पहिली लस अमेरिकेत ऑगस्ट 1998 मध्ये बाजारात आली. काही बाळांच्या आतड्यात आतडं शिरून अडकल्याच्या बातम्या नोंद-यंत्रणेत येऊ लागल्या. पंधरा नोंदी होताच जुलै 1999 मध्ये तिचा वापर थांबवला गेला, ऑक्टोबरात कंपनीने ती काढूनच घेतली. नंतर हिशेब लागला तो साधारण दहा हजार बाळांमागे एक असा. इतका छोटा धोका वर्षभरात पकडला गेला. म्हणूनच भारताने 2016 मध्ये स्वतःची रोटा लस सुरू केली तेव्हा 27 रुग्णालयांत याच त्रासावर नजर ठेवली गेली. लसीमुळे तो वाढल्याचं आढळलं नाही. तुमच्या मुलीने तोंडातून घेतलेले ते थेंब याच चाळणीतून आलेत.

आपल्याकडे काही गंभीर घडलं तर उपकेंद्रातून वरपर्यंत कळवण्याची आणि जिल्हा समितीने चौकशी करण्याची पद्धत आहे. कधीकधी दोष निघतो तो लस नीट न ठेवण्यात, उघडलेली बाटली तासन्‌तास वापरण्यात. त्यावर तुम्ही स्वतः लक्ष ठेवू शकता. लसीच्या बाटलीवर एक गोल असतो आणि त्यात एक चौकोन. चौकोन बाहेरच्या गोलापेक्षा फिका असेल तर लसीला उष्णता लागलेली नाही. चौकोन गोलाइतका गडद झाला की ती बाटली वापरायची नसते. सिस्टरला ‘जरा बाटली दाखवता का’ असं विचारा. सुईचं नवं पाकीट समोर फोडायला सांगा. पुढे गोवर-रुबेलाच्या वेळी ‘ही किती वाजता तयार केली’ हेही विचारा, कारण तिची पावडर द्रवात कालवल्यानंतर ती चार तासांतच वापरायची असते. चांगली सिस्टर रागावत नाही. खासगीतही हे प्रश्न विचारायचे असतात, तिथल्या फ्रिजला काही वेगळं शास्त्र नाही. बारा तास लाइट नसते त्या गावात तर नाहीच नाही.

आणि गोवर म्हणजे ‘देवी येऊन जातात तशी’ किरकोळ गोष्ट असं घरात कुणी म्हणत असेल, तर 2022 चा ऑक्टोबर-नोव्हेंबर आठवा. मुंबईत गोवंडीतून सुरू झालेला उद्रेक भिवंडी, मालेगावपर्यंत गेला. लस न घेतलेली, अर्धवट घेतलेली मुलं दगावली. महाराष्ट्रातली, आपलीच.

आता पैसे.

अमेरिकेत मिनेसोटा राज्यातल्या हेल्थपार्टनर्स या आरोग्यसंस्थेच्या संशोधकांनी 2017 मध्ये आजार टाळणाऱ्या 28 सेवांची क्रमवारी लावली: किती आयुष्य वाचतं आणि किती खर्चात. अगदी वर तीन गोष्टी आल्या. लहान मुलांचं लसीकरण, मुलांनी तंबाखूकडे वळू नये म्हणून समुपदेशन, आणि मोठ्यांना तंबाखूबद्दल विचारून सोडायला मदत करणं. तुमच्या घराचंच वर्णन वाटतं! आणि या तिन्ही गोष्टी आपल्याकडे सरकारी दवाखान्यात फुकट आहेत.

लॅबवाल्याच्या पॅकेजचा मात्र त्यात पत्ता नाही. प्रतिबंध म्हणजे बचत असं आपण धरून चालतो. 2008 मध्ये काही संशोधकांनी शेकडो निबंधांतले खर्चाचे हिशेब एकत्र केले, तेव्हा प्रतिबंधाच्या उपायांपैकी वीस टक्क्यांहूनही कमी उपायांनी खरोखर पैसे वाचवले होते. लहान मुलांच्या लसी त्या थोड्यांत बसतात. ‘सगळंच एकदा तपासून घेऊ’ छापाच्या तपासण्यांवर तर थेट प्रयोग झालेत. अशा 15 प्रयोगांतली अडीच लाखांवर माणसं एकत्र पाहिली तर तपासलेली आणि न तपासलेली माणसं सारख्याच प्रमाणात गेली. कर्करोगाने जाणारीही तितकीच, हृदयविकाराने जाणारीही तितकीच.

कारण साधं गणित आहे. लॅबच्या रिपोर्टावर ‘नॉर्मल’ची जी रेंज छापतात ती बहुधा निरोगी माणसांपैकी 95 टक्क्यांना सामावणारी असते. म्हणजे ठणठणीत माणसाचाही प्रत्येक चाचणीत शंभरातून पाच वेळा आकडा बाहेर जाणार. एकमेकींशी संबंध नसलेल्या वीस चाचण्या केल्या तर किमान एक तरी लाल अक्षरांत येण्याची शक्यता 64 टक्के. पॅकेजात साठ-सत्तर असतात. मग सासऱ्यांचा कुठला तरी आकडा लाल येतो, तो ‘कन्फर्म’ करायला सोनोग्राफी, त्यात एखादी गाठ, तिच्यासाठी सोलापूर, मग पुणे. सहा हजार ही नुसती सुरुवात. दक्षिण कोरियात गळ्याची सोनोग्राफी स्वस्तात मिळू लागली तेव्हा 2011 पर्यंत थायरॉइडच्या कर्करोगाची निदानं 1993 च्या पंधरापट झाली. हजारोंच्या गळ्यावर सुरी फिरली. त्या कर्करोगाने मरणाऱ्यांची संख्या होती तिथेच राहिली.

तेव्हा लॅबवाल्याला नमस्कार. सासऱ्यांना तुमच्या जवळच्या आयुष्मान आरोग्य मंदिरात न्या. बीपी, साखर आणि तोंडाची तपासणी, तिन्ही मोफत. तंबाखू खाणाऱ्याचं तोंड उजेडात, बोट घालून नीट तपासणं ही रक्ताच्या पन्नास चाचण्यांपेक्षा मोठी गोष्ट आहे. केरळात मोठ्या प्रयोगात हे सिद्ध झालंय: तंबाखू किंवा दारूची सवय असलेल्यांत तोंडाच्या कर्करोगाचे मृत्यू नुसत्या डोळ्यांनी तपासून एक तृतीयांशाने कमी झाले. गोळी मात्र ‘आठवेल तेव्हा’ चालणार नाही. ती दवाखान्यातून महिन्याची आणा आणि चहाच्या डब्याशेजारी ठेवा. तंबाखू सोडायला 1800-112-356 हा मोफत फोन आहे. एका फोनने सुटेल असं मी म्हणत नाही. तीनदा सोडून चौथ्यांदा सुटते अनेकांची.

मिशरी हीसुद्धा तंबाखूच, हे सासूबाईंना कुणीतरी सांगायला हवं. तुम्ही नको, सुनेचं ऐकणार नाहीत. आशाताई सांगेल.

सासूबाईंसाठी एक तपासणी मात्र खरोखर करून घ्या, गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची. हिचा जगभर मान्य झालेला पुरावा तुमच्याच जिल्ह्यातून गेलाय, हे तुम्हाला ठाऊक आहे का? टाटा मेमोरियल आणि बार्शीच्या नर्गिस दत्त रुग्णालयाच्या मदतीने तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातल्या 30 ते 59 वयाच्या 1,31,746 बायकांवर हा अभ्यास झाला. 2009 मध्ये निकाल छापून आला: आयुष्यात एकदाच एचपीव्हीची, म्हणजे हा कर्करोग घडवणाऱ्या विषाणूची, चाचणी केली, तरी या कर्करोगाने होणारे मृत्यू जवळपास निम्मे झाले. सासूबाईंच्या वयाच्या, तुमच्या पंचक्रोशीतल्या बायकांनी लाज बाजूला ठेवून दिलेला हा पुरावा आहे. अशी एखादी मावशी गावात असेलही, विचारून पाहा. सासूबाई तिच्याशी बोलल्या तर माझ्या या परिच्छेदाची गरज उरणार नाही.

सरकारी केंद्रात याच कर्करोगासाठी ‘व्हीआयए’ करतात. अॅसिटिक आम्ल लावून गर्भाशयाचं तोंड डोळ्यांनी पाहायचं. मुंबईच्या वस्त्यांत टाटा मेमोरियलने दर दोन वर्षांनी ती केली तेव्हा मृत्यू 31 टक्क्यांनी घटले. पण पाळी जाऊन काही वर्षं झाली की ती तितकी भरवशाची राहत नाही. सासूबाई पंचावन्नच्या आहेत, म्हणून स्त्रीरोगतज्ज्ञांना विचारून त्यांची एचपीव्ही चाचणी करा. तुमच्या वीस हजारांतला पहिला खर्च मी हा धरीन.

दुसरा खर्च मुलीच्या टायफॉइडच्या लसीचा. ती सरकारी यादीत नाही. नऊ महिन्यांच्या आसपास कॉन्जुगेट प्रकारची द्या, साधारण दोन हजारांच्या आगेमागे जाते. नवी मुंबई महापालिकेने 2018 मध्ये लाखाहून अधिक मुलांना ती दिली होती, म्हणजे आपल्याकडे ती नवखी नाही. कांजिण्या, कावीळ ‘अ’ यांच्या लसी चांगल्या आहेत, पण वर्षानंतरच्या, पुढच्या वर्षीच्या पैशांत बसवा. खासगी डॉक्टरांच्या लांब यादीतली न्युमोनियाची पीसीव्ही सरकारी केंद्रात 2021 पासून देशभर मोफत दिली जाते. कार्डावर बघा, दीड महिन्याला तुमच्या मुलीला मिळालीही असेल. ती विकत घेऊ नका. पूर्वी हीच लस खासगीत फार महाग होती. आता स्वस्त झाली त्यात पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटचाही वाटा आहे.

उरलेले दहा-पंधरा हजार तसेच ठेवा. आजारपण सांगून येत नाही.

उपकेंद्रात जाताना सासूबाईंना बरोबर घ्या. बाटलीवरचा चौकोन त्यांनाच बघायला सांगा. घरी परतल्यावर बाळ तीन तासांहून जास्त न थांबता रडलं, आकडी आली, पांढरं-निळं पडलं किंवा दूध सोडून निपचित झालं तर वाट न पाहता 108 ला फोन करा आणि सिस्टरलाही कळवा. नुसता ताप आणि सुजलेली मांडी असेल तर पॅरासिटामॉल, अंगावरचं दूध आणि मांडीवर ओला गार कपडा. सूज चोळू नका, तेल-हळद नको.

ता. क. लॅबवाला ‘आयकरात सूट मिळते’ असंही म्हणाला असेल. प्रतिबंधक तपासणीसाठी पाच हजारांपर्यंतची सवलत आहे, पण ती जुन्या करपद्धतीत. तुमच्या मिस्टरांनी नवी घेतली असेल तर त्यातला एक रुपयाही परत येणार नाही.